लुंबिनीची सीट झाली, आता सुईचं बघा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी सरली, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की आपल्या गावांतून यात्रेच्या बसची बोलणी सुरू होतात. सारनाथ, बोधगया, कुशीनगर आणि मग सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनी. कुणी पुढे काठमांडूला पशुपतिनाथाच्या दर्शनालाही जातं. या मंडळींना मी विचारतो, परदेशी चाललात, तयारी काय केली? तर हसतात. पासपोर्ट नको, व्हिसा नको, मतदार कार्ड दाखवलं की पलीकडे. तो कसला आला परदेश? ज्याचा मुलगा अमेरिकेला निघतो, तो निदान चार जणांना विचारतो की लसी कोणत्या घ्यायच्या. लुंबिनीला जाणारा चादर, चिवडा आणि बीपीच्या गोळ्या भरतो अन् बसतो. टायफाईडपुरतं म्हणाल, आपल्या मुदतीच्या तापापुरतं, तर अमेरिकेत त्याची भीती फारशी नाही. भीती आहे ती या बसच्या वाटेवर.

टायफाईडचा जंतू माणसाच्याच शरीरात राहतो. गाय, बकरी, कोंबडी यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आजारी माणसाच्या विष्ठेतून तो पाण्यात जातो किंवा न धुतलेल्या हाताला लागतो आणि तिथून दुसऱ्याच्या तोंडात. आता यात्रेचं पाणी बघा. सकाळी धर्मशाळेच्या टाकीचं, दुपारी ढाब्यावरच्या जगमधलं, रात्री कुठल्या तरी मठाच्या नळाचं. रोज नवं गाव, रोज नवं पाणी.

यावर आमचे एक आजोबा मला म्हणाले, "डॉक्टरसायेब, आमी त हिरीचं पाणी पिऊन मोठे झालो जी, आमाले काही होत नाही." त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. एकाच भागात जन्म काढलेल्या माणसाच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. पण ती पक्की नसते. एकदा टायफाईड होऊन गेलेल्यालासुद्धा तो पुन्हा होतो.

तर सुईबद्दल. आपल्याकडे टायफाईडच्या दोन प्रकारच्या सुया मिळतात. जुनी स्वस्त आहे. २ वर्षांपुढच्या कुणालाही चालते, पण तिचा असर साधारण ३ वर्षं धरायचा, मग पुन्हा घ्यायची. नवीला टीसीव्ही म्हणतात. ती महाग आहे, पण जास्त वर्षं टिकते आणि ६ महिन्यांच्या बाळालाही देता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली तिची शिफारस केली ती ६ महिने ते ४५ वर्षं या वयासाठी. आपल्या बसमधली निम्मी मंडळी पन्नाशी-साठीची असतात. त्यांनी डॉक्टरांशी बोलून जुनी सुई घेतली तरी काम भागतं. पांढरकवड्यावरून सरळ खाली गेलं की जे हैदराबाद लागतं, तिथे बनलेली टीसीव्ही नेपाळमधल्याच हजारो मुलांना देऊन तपासली गेली. ही लस न दिलेल्या मुलांशी तुलना केली, तर पाचातले चार टायफाईड टळले होते. नेपाळ सरकारने २०२२ साली मोहीम काढून मुलांना टीसीव्ही दिली आणि बाळांच्या नेहमीच्या लसींतही तिला जागा दिली. ज्या देशात आपण दर्शनाला जातो, तिथलं सरकार या तापाला इतकं मानतं, हे लक्षात घ्या.

चार टळले, याचा अर्थ एक राहिलाच. शिवाय टायफाईडचा चुलतभाऊ पॅराटायफाईड, त्याच्यावर या सुयांचा भरवसा धरता येत नाही. म्हणून सुई घेतली तरी उकळलेलं किंवा सीलबंद पाणीच प्यायचं आणि जेवणाआधी साबण लावून हात धुवायचे.

आणि वेळ. सुई घेतल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोन आठवडे लागतात. बस सुटायच्या आदल्या दिवशी धावत आलेल्यांना मी सुई देतो, पण यात्रेत तिचा उपयोग किती, ते तुम्हीच ठरवा. सीटचे पैसे ज्या दिवशी भरले, त्याच आठवड्यात सुई घेऊन टाकायची. हजला जाणाऱ्याला मेंदूज्वराची लस घ्यावीच लागते, आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड पाहतात. टायफाईडचं कार्ड सीमेवर कुणी मागत नाही, म्हणून ती सुई राहून जाते.

आता जरा आपल्या भागाची गोष्ट. बाळांना गावच्या उपकेंद्रात ज्या लसी मिळतात, त्यांत मोठ्या माणसाची ही सुई मिळायची नाही. मग काय होतं, तालुक्याच्या मेडिकलमधून लस घ्यायची आणि गावातल्या डॉक्टरांकडून टोचून घ्यायची. पातळ कॅरीबॅगमध्ये लसीचा डबा आणि बिलाचा कागद, ती पिशवी मोटारसायकलच्या हँडलला, वाटेत साडूकडे चहा, तिथे कापसाच्या भावाच्या गप्पा. ही लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. आपल्याकडे नोव्हेंबरातसुद्धा दुपारचं ऊन कसं असतं, ते सांगायला नको. काही हुशार मंडळी उलटं करतात, लस बर्फाच्या खड्यांतच खुपसून आणतात. गोठलेली लसही फेकूनच द्यावी लागते. पंचाईत अशी, की बिघडलेली लस दिसायला तशीच राहते, नितळ पाण्यासारखी. तेव्हा जिथे फ्रीज आहे, तिथेच बसून टोचून घ्या. सगळी बस मिळून तालुक्याला एखाद्या दवाखान्यात गेलात तर सगळ्यात बरं.

बसमधल्या एका माणसाकडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही. तो म्हणजे आचारी. आपल्या यात्रांना सिलिंडर, शेगडी, मोठे गंज आणि आचारी सोबत असतो, आणि घरचंच जेवण आहे म्हणून सगळे निर्धास्त. गरम वरण-भाताला धोका नाही, उकळीत जंतू मरतो. धोका कापलेल्या कांदा-टमाटरला, कोशिंबिरीला, ताकाला. टायफाईड होऊन गेलेल्या थोड्या लोकांच्या पित्ताच्या पिशवीत हा जंतू वर्षानुवर्षं घर करून राहतो. त्या माणसाला ना ताप, ना काही त्रास. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण होती. ती जिथे कामाला लागे, त्या घरात टायफाईड निघे, आणि ती स्वतः ठणठणीत. तपास करणाऱ्याला प्रश्न पडला, शिजलेल्या अन्नातून जंतू जातो कसा? तर ती पीच नावाचं फळ कच्चं कापून आईस्क्रीममध्ये घालत असे. १९०७ साली तिला पकडून वेगळं ठेवलं. पुढे सोडल्यावर ती पुन्हा स्वयंपाकाला लागली, आणि १९१५ पासून १९३८ साली मरेपर्यंत तिला तसंच एकटं ठेवावं लागलं. बिचारीला आपल्याला काही झालंय हे कधी पटलंच नाही.

आपल्या देशातही अन्न हाताळणाऱ्या कामगारांची दरवर्षी तपासणी आणि अशा पोटाच्या आजारांविरुद्ध लस, हे नियमात लिहिलेलं आहे. यात्रा काढणाऱ्यांनी टायर नि ब्रेक बघतात तसं आचाऱ्याचंही बघावं. आधीच जंतू बाळगणाऱ्याचा जंतू सुईने जात नाही, त्यासाठी तपासणीच हवी. आणि एक साबणाची वडी त्याच्या हाताशी, टांगून.

दुसरी वाट उलटी आहे, परदेशातून आपल्याकडे येणाऱ्यांची. अमेरिका-इंग्लंडात टायफाईडचे जे रुग्ण सापडतात, त्यांत मोठा भाग आपल्या भागांत नातेवाइकांना भेटून गेलेल्यांचा असतो. अमेरिकेतल्या शाळांची मोठी सुट्टी जून ते ऑगस्ट, म्हणजे आपल्याकडे विहिरींना नवं गढूळ पाणी उतरतं तेव्हा. लेक-जावयाला वाटतं आपलंच घर, आपलंच गाव, लस कशाला? पण तिथे वाढलेल्या नातवाच्या पोटाला या पाण्याची ओळखच नसते. फोनवर तिकिटाची तारीख कळली की आजी-आजोबांनी विचारून घ्यावं, पोरांना टायफाईडची सुई दिली का? तिकडे नेहमी मिळणारी सुई २ वर्षांपुढच्यांनाच देतात. तान्हं लेकरू येणार असेल, तर त्याचं पाणी उकळून वेगळं ठेवायचं, मग शेजारच्या बाया कितीही हसोत.

परत आल्यावर ताप आला, तर तो यात्रेच्या थकव्याचा समजू नका. जंतू पोटात गेल्यावर ताप यायला एक ते तीन आठवडे, कधी जास्तही लागतात, तोवर तुम्ही यात्रा विसरलेले असता. डॉक्टरांना आपण होऊन सांगा, नेपाळला जाऊन आलो. दोन दिवसांच्या तापात विडाल नावाची रक्ततपासणी करून 'टायफाईड निघाला' म्हणायची आपल्याकडे फार घाई असते. ती तपासणी बऱ्याचदा फसवते. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी, करता येईल का, हे विचारा. तो जंतू कोणत्या औषधाला दाद देतो, हेही त्यातून कळतं, आणि आता काही औषधं त्याच्यावर नीट चालत नाहीत. सुई घेतलेली असली तरी हे विचारायचंच. तिचं कार्डही सोबत न्या. त्यावर नुसतं 'टायफाईड' नको, लसीचं पूर्ण नाव आणि तारीख लिहून घेतलेली असू द्या, म्हणजे पुढची कधी घ्यायची तेही ठरवता येईल.

नमस्कार.