उत्रेख्त : खालच्या काठावरून

मंडळी, नेदरलँड्सला जाणाऱ्या आपल्या लोकांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. ॲमस्टरडॅमला दोन रात्री, कालव्यातून तासाभराची बोट, ट्यूलिपच्या बागा, एखादी पवनचक्की आणि पुढे पॅरिसची गाडी. त्यात वाईट काही नाही. पण कालव्यांचं शहर खरोखर बघायचं असेल, तर त्यातले दोन दिवस काढून उत्रेख्तला द्या, एवढंच सांगायला मी आज उभी आहे. ॲमस्टरडॅमहून रेल्वेने जेमतेम अर्धा तास. मी त्या गावात काही वर्षं राहिले, त्यामुळे थोडा पक्षपात होणार. तो धरून चाला.

ॲमस्टरडॅमला रस्ता संपतो तिथे पाणी सुरू होतं. उत्रेख्तच्या आउडेग्राख्तला, म्हणजे जुन्या कालव्याला, दोन काठ आहेत, एकावर एक. वरच्या काठावर रस्ता, दुकानं, सायकली. मधूनमधून पायऱ्या आहेत. त्या उतरलात की पाण्याला जवळजवळ टेकलेला दुसरा काठ लागतो. त्या काठावर मोठाली झाडं, टेबलं-खुर्च्या, आणि भिंतीत कमानदार दारं. ही दारं तळघरांची. तळघर रस्त्याच्या पोटातून जातं आणि थेट वरच्या घराखाली पोचतं. तुम्ही वरून चालत असता तेव्हा तुमच्या पायाखाली कुणीतरी जेवत बसलेलं असतं. बहुतेक प्रवासी वरूनच फोटो काढतात आणि निघून जातात, आणि माझी सगळी तक्रार तिथेच आहे.

हे सगळं शोभेसाठी कुणी केलेलं नाही. रोमन लोकांनी इसवी सन 47 च्या सुमारास इथे किल्ला बांधला, कारण ऱ्हाईन नदी ही त्यांच्या साम्राज्याची सीमा होती आणि ती इथून वाहत होती. 1122 मध्ये गावाला शहराची सनद मिळाली. त्याच सुमारास वरच्या अंगाला नदीवर बांध घातला गेला आणि उत्रेख्तच्या दारातलं पाणी ओसरायला लागलं. गाव व्यापारावर जगणारं. स्वस्थ बसून कसं चालेल? त्यांनी कालवे खणून जवळच्या नद्यांशी पुन्हा सोयरीक जुळवली, आणि पुढे लॉकगेट, म्हणजे पाणी अडवणारी उघडझाप दारं, बसवून पाण्याची पातळी कायमची बांधून टाकली. पातळी हलत नाही म्हटल्यावर पाण्यालगत बांधकाम करायला भीती उरली नाही. मग व्यापाऱ्यांनी आपापल्या घराखालून रस्त्याच्या पलीकडे पाण्यापर्यंत तळघरं काढली. नाव लागली की पिंप थेट आत. हमाली वाचली, रस्त्यावरची गर्दीही टळली. तेराव्या शतकापासून हा उद्योग चालला, आणि म्हणूनच भर उन्हाळ्यात आत शिरलात तर एखाद्या जुन्या वाड्याच्या बळदात उभं राहिल्यासारखं गार वाटतं.

वरच्या काठावर दिव्यांच्या खांबांखाली बघा. खांब ज्या दगडी ब्रॅकेटवर उभे आहेत, त्या प्रत्येकावर शिल्प कोरलेलं आहे, आणि ती शिल्पं नीट दिसतात ती खालच्या काठावरूनच. याच कालव्यावर विंकल फान सिंकल नावाची जुन्या डिपार्टमेंट स्टोअरची इमारत आहे. तिच्या दर्शनी भागावर ओतीव लोखंडाच्या भल्यामोठ्या स्त्रिया छत पेलून उभ्या आहेत. त्या इंग्लंडहून नावेने आल्या, आणि त्यांतली एक उचलताना शहराची क्रेनच कोसळली. उत्रेख्तची माणसं हा किस्सा अजून चवीने सांगतात. कालव्यात मालवाहतूक आजही संपलेली नाही: उपाहारगृहांना पेयं पोचवणारी पालिकेची विजेवर चालणारी नाव सकाळी दिसते. तिला ‘बिअरबोट’ म्हणतात.

आता डॉम टॉवर. उंची 112 मीटर, नेदरलँड्समधला सर्वांत उंच चर्च-मनोरा. 1321 ते 1382 अशी साठेक वर्षं बांधकाम चाललं. वर जायला 465 पायऱ्या, आणि फक्त मार्गदर्शकाबरोबर सोडतात, तेव्हा वेळ आधी आरक्षित करा. गुडघे कुरकुरत असतील तर खुशाल खाली थांबा, कारण खरी मौज खालीच आहे. मनोरा एका बाजूला, चर्च दुसऱ्या बाजूला आणि मध्ये मोकळा चौक, हे कसं? हा चौक म्हणजे चर्चचा मधला भाग होता. पैसे पुरेना म्हणून तो लेचापेचा बांधला होता. 1 ऑगस्ट 1674 च्या वादळात तो कोसळला. दगडविटांचा ढिगारा जवळजवळ दीडशे वर्षं तसाच पडून होता! आपल्याच नगरपालिकांना नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आज फरसबंदीच्या वेगळ्या रंगांतून त्या पडलेल्या चर्चची आखणी दिसते. चौकाच्या खाली उतरून रोमन किल्ल्यापासूनचे थर बघता येतात, हातात विजेरी घेऊन. मुलं बरोबर असतील तर हे चुकवू नका. चौकाशेजारची चर्चची जुनी बंदिस्त बाग फुकट आहे आणि बसायला छान आहे.

या शहराची मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र जुनी नाही. जुन्या गावाभोवती पाण्याचा वळसा होता, तटबंदीबाहेरचा खंदक म्हणा. 1958 मध्ये एका जर्मन वाहतूक-तज्ज्ञाने सुचवलं की हा वळसा बुजवून गाड्यांसाठी रस्ता करा. त्या काळात सगळ्या जगाला मोटारीचं वेड लागलं होतं. सगळा वळसा नाही, पण स्टेशनच्या बाजूचा भाग सत्तरच्या दशकात कोरडा केला, आणि खंदकाच्या तळातून मोटारींचा रुंद रस्ता गेला. शेजारी प्रचंड मॉल उभा राहिला. दोन-तीन दशकं लोक त्या काँक्रीटच्या चरावर नाराजीने राहिले. मग 2002 मध्ये शहराने सार्वमत घेतलं, आणि लोकांनी पाणी परत मागितलं. सप्टेंबर 2020 मध्ये कातरायनेसिंगल हा कालवा, म्हणजे कोरडा केलेला तोच भाग, पुन्हा पूर्ण झाला. आज नाव त्याच मॉलच्या खालून जाते, वळसा अखंड आहे, आणि जिथे मोटारी धावत होत्या तिथे बदकं पोहतात. नद्या बुजवून त्यावर पार्किंग करण्याचा उद्योग आपण अजून सोडलेला नाही, म्हणून तुमच्यापैकी जे नगरसेवक होणार असतील त्यांनी स्टेशनवरून उतरल्या उतरल्या इथे जावं. वळशावरून चालायला दीड-दोन तास पुरतात, बाकड्यांवर थांबत गेलात तर अर्धा दिवस.

शनिवार गाठता आला तर गाठा. यान्सकेर्कहोफवर फुलांचा बाजार आणि ब्रेडस्ट्राटवर कापडाचा बाजार भरतो. कापड मीटरवर कापून देतात, आणि तिथे गेलेल्या बायकांना आणायला कुणालातरी पाठवावं लागतं. त्याच दिवशी आउडेग्राख्तच्या दक्षिण अंगाला एक पाथरवट फरसबंदीत एक अक्षर कोरून बसवतो. 2012 पासून दर शनिवारी एक दगड, एक अक्षर. कविता पुढे सरकतेय आठवड्याला एका अक्षराने, आणि ती संपवायची योजनाच नाही. कवी बदलत जातात. मला हे अतिशय शहाणपणाचं वाटतं, पण माझ्या यजमानांना अजिबात पटत नाही.

कालव्याच्या उत्तर टोकाला वेअर्डस्लाउस हे लॉकगेट आहे. वसंतात मासे अंडी घालायला वरच्या अंगाला निघतात आणि बंद दारापाशी अडकतात. तिथे पाण्याखाली कॅमेरा लावला आहे. त्याचं चित्रण मार्चपासून मे अखेरपर्यंत इंटरनेटवर दिसतं, आणि मासा दिसला की बघणाऱ्याने पडद्यावरची घंटी वाजवायची. पुरेसे मासे जमले की दार उघडतात. 2021 पासून जगभरातली माणसं ही घंटी वाजवतात. तुम्हीही घरबसल्या वाजवू शकता. मी वाजवते.

थोडं कामाचं. रेल्वे, बस, ट्रॅम सगळीकडे बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. चढताना टेकवा आणि उतरताना आठवणीने पुन्हा टेकवा. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार चालू करून घ्या. सायकलीचा मोह होईलच. स्टेशनखाली 12,500 सायकली राहतात असा तीन मजली तळ आहे, तो नुसता बघायलाही जा. पण पहिल्या दिवशी सायकल चालवू नका. भाड्याच्या बऱ्याच सायकलींना पेडल उलटं मारून ब्रेक लागतो, आणि आपला पाय ते विसरतो. चालतानाही लालसर पट्ट्यावर उभं राहून फोटो काढायचा नाही. तो सायकलींचा रस्ता आहे, आणि डच माणूस घंटी एकदाच वाजवतो.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी मंडळींनी सुरीनामी रोटीचं दुकान शोधावं. 1873 पासून बिहार-उत्तर प्रदेशातून सुरीनामला मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज 1975 च्या आसपास मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आले, आणि डाळ भरलेली रोटी, बटाटा, शेंगांची भाजी घेऊन आले. अंडं नको असेल तर आधी सांगा. स्टेशनच्या मागे लोम्बोक ही वस्ती आहे. तिथल्या कानालस्ट्राटवर तुर्की-मोरोक्कन भाजीवाल्यांकडे कोथिंबीर-मिरची मिळते आणि गप्पाही मिळतात.

कधी जावं? मे-जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, खालच्या काठावर बसायला तोच काळ उत्तम. धमाल हवी असेल तर एप्रिलअखेर. 27 तारखेला राजाचा वाढदिवस. उत्रेख्तमध्ये 26 च्या संध्याकाळीच घराघरातलं जुनं सामान रस्त्यावर विकायला मांडतात आणि रात्रभर बाजार चालतो. त्या दोन दिवसांच्या खोल्या फार आधी भरतात. नाही मिळाली तर आमर्सफोर्टला राहा, गाडीने पाव तास.