सुरतेच्या शाळेत अहिराणी बोलणारं मूल

श्रोतेहो, नमस्कार. भुसावळहून ताप्ती लाइननं अमळनेर, नंदुरबार, नवापूर करत सुरतेला गेलेली कितीतरी खानदेशी कुटुंबं उधना आणि लिंबायत भागात स्थायिक झाली आहेत. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. मोठ्या माणसाला ही हद्द जाणवत नाही. शाळकरी मुलाच्या मात्र पाटीवरची अक्षरं तिथून पुढे बदलतात. त्या मुलांच्या शिकण्याबद्दल आज बोलायचं आहे.

नव्या वर्गात मूल सुरुवातीचे काही आठवडे बोलतच नाही. गुरुजींना ते कच्चं वाटतं, आईबापांना ते बिथरल्यासारखं वाटतं. खरं तर त्या काळात ते कान देऊन ऐकत असतं. त्याला रोज प्रश्न विचारून बोलतं करायचा हट्ट धरू नका. आधी समजतंय का ते बघा: 'पुस्तक काढ', 'फळ्याकडे बघ' असं गुजरातीत सांगितल्यावर ते तसं करतं का? करत असेल, तर गाडी रुळावर आहे.

घाबरून घरातली अहिराणी बंद करणारे पालक मुलाचंच नुकसान करतात. अहिराणीत आपण म्हणतो 'तो घरमा शे', गुजरातीत म्हणतात 'ते घरमां छे'. पुस्तकी मराठीतल्या 'घरात आहे'पेक्षा हे किती जवळचं आहे! भाषा-अभ्यासक ग्रियर्सननं भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीला, म्हणजे आपल्या अहिराणीला, भिल्ली बोलींच्या खंडात, गुजरातीच्या शेजारी ठेवलं, ते उगाच नाही. धुळ्या-जळगावच्या शाळेत ज्या बोलीमुळे मुलाला हसतात, तीच सुरतेत त्याच्या कामी येते. हे एकदा कळलं की आपल्या बोलीकडे बघायची त्याची नजर बदलते आणि ते धीटपणे बोलू लागतं.

लिपी शिकवताना क्रम महत्त्वाचा. ग, घ, त, न, प, म, य, व ही अक्षरं गुजरातीत जवळपास तशीच आहेत, फक्त वरची रेघ नाही. ती आधी घ्या. दुकानांच्या पाट्या, बसचे फलक यांवर मूल ती स्वतःच हुडकेल. मग अ, क, ख, च, ज, फ, ब, भ, ल ही वेगळ्या वळणाची अक्षरं रोज दोन या बेतानं. खरा घोळ अंकांत होतो. गुजरातीत दोनचा अंक आणि 'र', तसाच पाचचा अंक आणि 'प' अगदी सारखे दिसतात. शाब्दिक उदाहरणात मूल अंकाला अक्षर समजून अडतं, आणि शेरा मिळतो गणित कच्चं असल्याचा. तेव्हा वहीत अंकांभोवती गोल करायला सांगा. दीड-अडीचची त्याची समज वाया जात नाही. तिथे ते दोढ आणि अढी, हिशेब तोच.

एक बारीक गोष्ट. गुजराती गुरुजी चुकलेल्या उत्तराला 'खोटुं' म्हणतात. आपल्या मुलाला वाटतं, मला खोटारडा म्हटलं, आणि ते हात वर करणंच सोडतं. हा अर्थ घरी पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही आहेत. तिथे घालायचं तर आठवीनंतर जवळपास मराठी शाळा आहे का, हे आधीच विचारा. नाहीतर नववीत माध्यम बदलायची वेळ येते आणि तेव्हा ते फार जड जातं.

नंदुरबार, धुळ्याकडून ऊसतोडीला बारडोलीकडे जाणाऱ्यांची अडचण निराळी. दिवाळीच्या सुमारास कोयता, म्हणजे ऊसतोड्यांची जोडी, निघतो आणि दुसरं सत्र बुडतं. मुलाला गावातच ठेवता येत असेल, तर हंगामी वसतिगृहाबद्दल मुख्याध्यापकांना मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घ्यायच्या आधी विचारा. बरोबर न्यायचंच असेल, तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं कार्ड, मागून घ्या.

कागदांसाठी कुणी परत पाठवलं, तर शिक्षण हक्क कायदा 2009 लक्षात ठेवा. कलम 5 म्हणतं, दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. कलम 4 प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार वर्ग मिळतो आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षणही. भाषा येत नाही म्हणून पाचवीचं मूल दुसरीत बसवत असतील, तर या कलमाचं नाव घेऊन बोला.

अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी येऊन इथेच राहायचं ठरलं असेल, तर निघण्यापूर्वी दाखला, निकालपत्रक आणि यू-डायस या सरकारी शालेय नोंदीतला मुलाचा कायम क्रमांक (पेन) घ्या. आणि इथल्या गुरुजनांना विनंती: वहीत गुजराती अंक दिसले, तर आधी उत्तर तपासा.