आपलं म्हणजे कुणाचं?

(मेलबर्नमधल्या आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आटोपशीर करून)

नमस्कार मंडळी.

मला ढोल-पथकावर बोलायला सांगितलं होतं. पण गेले ३ आठवडे डोक्यात एकच वाक्य फिरतंय. ते तुमच्यापुढे ठेवल्याशिवाय दुसरं काही बोलवणार नाही.

आमच्या धाकटीला शाळेतून प्रकल्प मिळाला. आपल्या भागातल्या कुणाकडून एखादं जुनं बुश-गाणं, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या रानामाळावरचं लोकगीत, ऐकायचं आणि त्यावर ३ मिनिटांची फिल्म करायची. तिने शेजारच्या आजोबांना गाठलं. ते ८४ वर्षांचे आहेत आणि उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मेंढ्या कातरण्यात घालवली. त्यांनी शनिवारी दुपारी ये म्हणून सांगितलं. शनिवारी दुपारी आपली ढोलाची तालीम! घरात चांगलंच वाजलं. मी म्हणालो, "आधी आपलं, मग शाळेचं." ती चपला घालता घालता थांबली. म्हणाली, "बाबा, मी इथेच जन्मले. आपलं म्हणजे कुणाचं?"

मला उत्तर सुचलं नाही. गाडीची किल्ली परत खुंटीला लावली आणि तिच्याबरोबर शेजारी गेलो.

मी माणदेशातला. मेंढरं कातरताना लहानपणापासून पाहिलेली, पाय बांधून आडवी पाडलेली. आजोबांनी एक रजई गुंडाळली, दोन गुडघ्यांत उभी धरली आणि दाखवलं, मेंढी अशी बसती करायची, तिची पाठ आपल्या पायांना टेकवायची, आणि पहिल्यांदा पोट कातरायचं. मग त्यांनी ‘क्लिक गो द शिअर्स’ हे कातरणाऱ्यांचं गाणं म्हटलं. आवाज फाटका, पण प्रत्येक ओळीला उजवा हात रजईवरून लांब सरकत होता. गाण्यात शेडमधला सगळ्यात चपळ कातरणारा, म्हणजे रिंगर, एका म्हाताऱ्यापुढे कातरीच्या एका फटक्याने मागे पडतो आणि त्या म्हाताऱ्याला, त्याच्या मेंढीपायी, शिव्या घालतो. का, म्हणून लेकीने विचारलं. आजोबांनी रजईच्या पोटावरून तळवा फिरवला. "इथे लोकरच नाही हिच्या. पोटाचं काम वाचलं म्हाताऱ्याचं."

शाळेच्या स्नेहसंमेलनांत हे गाणं मी कितीदा ऐकलंय. बालगीत समजत होतो. त्यात दोन कामकरी माणसांची ईर्ष्या आहे, घाम आहे, हे त्या रजईमुळे कळलं. मला तिथे बिरोबाच्या माळावरचं धनगरांचं सुंबरान आठवलं आणि डोळे भरून आले.

घरी येऊन आम्ही दोघं शोधायला बसलो. या गाण्याचं आजवर सापडलेलं सगळ्यात जुनं छापील रूप १८९१ सालचं आहे, मेलबर्नजवळच्या बॅकस मार्श गावच्या वर्तमानपत्रातलं. खाली कवीचं पूर्ण नाव नाही. फक्त ‘सी. सी., आयन्सबरी’. आयन्सबरी, मंडळी! मेल्टन, टार्निट, वेरीबीला आपली किती घरं आहेत? आयन्सबरी तिथून हाकेच्या अंतरावर. आपण तिथे प्लॉट बघायला जातो. आणि चाल? ती तर अमेरिकेतली, हेन्री क्ले वर्क यांच्या गाण्याची. म्हणजे चाल अमेरिकेची, शब्द इथल्या कुणाचे तरी, आणि म्हणणाऱ्यांत कितीतरी आयर्लंडहून आलेल्यांची मुलंबाळं. लेकीचा प्रश्न पुन्हा समोर उभा. आपलं म्हणजे कुणाचं?

ही गाणी आपोआप टिकलेली नाहीत. १९५०च्या दशकात जॉन मेरेडिथ नावाचा माणूस अवजड टेपरेकॉर्डर घेऊन न्यू साउथ वेल्सच्या गावागावांत फिरला. लिथगोच्या सॅली स्लोनबाईंनी आई-आजीकडून शिकलेली गाणी त्याला दिली. ती आज कॅनबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, कारण कुणीतरी दार ठोठावलं. त्याच्याही आधी, १८९९ आणि १९०३ साली, फॅनी कॉक्रेन स्मिथ या टास्मानियाच्या आदिवासी बाईंनी ध्वनिमुद्रणाच्या मेणाच्या नळकांड्यांवर आपली गाणी म्हटली. तिथल्या आदिवासी गाण्यांचा तेवढाच ध्वनी उरला आहे. बुशचा इतिहास मेंढ्यांपासून सुरू होत नाही, हे मी लेकीला मुद्दाम सांगितलं. आणि ती गाणी त्या समाजाला विचारल्याशिवाय कॅमेऱ्यात घ्यायची नाहीत, हेही.

तुम्ही म्हणाल, यात आपण कशाला पडायचं? आपण बाहेरचे. मग सांगा, मुळशीच्या डोंगरातल्या आपल्या आया-बहिणींच्या जात्यावरच्या ओव्या कुणी गोळा केल्या? हेमा राईरकर आणि त्यांच्याबरोबर गी पॉयटेव्हिन. जन्माने फ्रेंच माणूस! दोघांनी आणि त्यांच्या साथीदारांनी १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज त्यातल्या ओव्या म्हणणाऱ्या बायका छोट्या फिल्म्समधून आपल्याला दिसतात, ऐकू येतात. तो माणूस ‘हे माझं नाही’ म्हणून थांबला असता, तर आपली आजी आपल्याला परत ऐकायला मिळाली नसती.

आता थोडं रागावतो, राग मानू नका. गणपतीच्या मिरवणुकीवर आपण ड्रोन उडवतो. सॉव्हरिन हिलला, त्या सोन्याच्या खाणींच्या काळातल्या वस्तीच्या संग्रहालयात, पाहुण्यांना नेऊन सोनं चाळतानाचे फोटो काढतो. आणि कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्याला २० वर्षांत ‘हाय’च्या पुढे काही विचारत नाही. त्यांच्या गाण्यांना ‘गोऱ्यांची गाणी’ म्हणायचं की झालं. इथल्या जमिनीवर घर घेतलं, कर्ज फेडलं, मुलं वाढवली. मग तिची गाणी परकी कशी? न्यू साउथ वेल्समधल्या ब्रोकन हिल या खाणगावच्या जुन्या मशिदीत एक पुस्तक कित्येक वर्षं कुराण म्हणून ठेवलेलं होतं. ते निघालं बंगाली पद्याचं. आपल्या उपखंडातल्या माणसांचा माग या बुशमध्ये असा पडून आहे, आणि वाचायला कुणी जात नाही.

माझी मागणी छोटी आहे. महिन्याला एक शनिवार, दोन मुलं, एक फोन, एक साधा कॉलर-माइक. आधी परवानगी. गाणाऱ्याचं नाव, गाव, गाणं कुणाकडून शिकले ते फिल्मच्या सुरुवातीलाच बोलून घ्यायचं. कापलेली ३ मिनिटं शाळेला, पण न कापलेला तासभर तसाच ठेवायचा, दोन वेगळ्या जागी, आणि एक प्रत गावच्या इतिहास मंडळाला. १९०६ साली याच मेलबर्नमध्ये नेड केलीच्या दरोडेखोर टोळीवर तासाभराहून मोठा चित्रपट झाला. जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून त्याचं नाव घेतात. त्यातली जेमतेम १७ मिनिटं उरली आहेत. नुसतं चित्रण करून भागत नाही.

आजोबांना आणखी एक गाणं येतं, त्यांच्या वडिलांचं. पहिलं कडवं झालं की अडकतात. त्या दिवशी तीनदा सुरू केलं, तीनदा अडकले, मग खिडकीबाहेर बघत बसले. पुढचं आता कुणाला ठाऊक असेल? पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. कुणाला यायचं असेल तर या.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. जातं गेलं, ओवी थांबली. हातकातरी गेली, यंत्र आलं. फिल्म राहील, पण गाणं कोण म्हणणार? परवा जेवताना मी लेकीला म्हटलं, "आजोबांचं गाणं म्हण ना." तिने ताटावरून हात पुढे केला आणि फोन माझ्यासमोर धरला.