वास्तूसमोर थांबलेला कॅमेरा

जुन्या शहरातील एखाद्या वास्तूचे छायाचित्र काढायला आपण उभे राहतो, तेव्हा नजर आधी घुमटाकडे किंवा मनोऱ्याकडे जाते. वास्तूचा इतिहास मात्र पुष्कळदा खालीच, अगदी हाताच्या उंचीवर सापडतो. दगडांचे थर एकमेकांत गुंफत पुढे सरकत असताना मध्येच एक सरळ उभा सांधा दिसला, तर त्याच्या दोन बाजूंच्या भिंती बहुधा वेगवेगळ्या वेळी बांधल्या गेल्या आहेत असे समजावे. बुजवलेल्या खिडकीची कमान भिंतीत अजून ओळखू येते. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर प्रकाश भिंतीला घासून जातो, आणि भर दुपारी सपाट भासणाऱ्या त्याच दगडावर छिन्नीचे घाव आणि झिजलेली अक्षरे उठून दिसू लागतात. म्हणूनच एकाच दर्शनी भागाचे छायाचित्र दिवसातून निदान दोनदा घ्यावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

या कामाला मोठी परंपरा आहे. 1851 साली फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तूंच्या आयोगाने पाच छायाचित्रकारांना देशभर पाठवून जीर्णोद्धाराची गरज असलेल्या वास्तूंची नोंद करायला सांगितले. पुढे पॅरिसमध्ये रुंद रस्त्यांसाठी जुन्या गल्ल्या पाडल्या जात असताना, त्या गल्ल्या पाडण्याआधी टिपून ठेवण्याचे काम नगरपालिकेने शार्ल मार्व्हिलकडे सोपवले.

लंडनची हकीकत याहून वेगळी आहे, कारण तिथे पुढाकार नागरिकांनी घेतला. सेंट पॉल्स कॅथीड्रलजवळ ‘ऑक्सफर्ड आर्म्स’ नावाची एक जुनी सराई होती. मध्ये अंगण, भोवती लाकडी सज्जे आणि घोडागाड्यांच्या प्रवाशांसाठी वर खोल्या, अशी तिची रचना होती. 1875 मध्ये ती पाडली जाणार हे कळल्यावर जुन्या लंडनच्या अवशेषांची छायाचित्रे काढण्यासाठी एक संस्था उभी राहिली आणि या सराईपासूनच तिने कामाला सुरुवात केली. 1886 पर्यंत संस्थेने 120 छायाचित्रे प्रसिद्ध केली. ती कार्बन पद्धतीने छापलेली होती, कारण त्या छपाईतील रंगद्रव्य चांदीच्या क्षारांवरील चित्रांसारखे फिके पडत नाही. पुढच्या काळात चित्रांसोबत त्या त्या वास्तूची माहितीही लिहिली गेली. आमच्या मते या संस्थेचे खरे मोठेपण चित्र आणि माहिती यांच्या या जोडणीतच आहे, कारण नाव, जागा आणि काळ न नोंदवलेले सुंदर छायाचित्र पुढच्या अभ्यासकाच्या फारसे उपयोगी पडत नाही.

पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 1927 मधील आपल्या मृत्यूपर्यंत जुने शहर टिपत राहिलेल्या युजीन आत्जे यांच्या काही छायाचित्रांत वरचे कोपरे काळे, गोलाकार दिसतात. त्यामागे एक साधे तांत्रिक कारण आहे. कॅमेरा वर कलता केला की इमारतीच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. ते टाळण्यासाठी आत्जे कॅमेरा समतल ठेवून त्याची पुढची, भिंगाची चौकट वर सरकवत असत. चौकट फार वर गेली की भिंगाने टाकलेली प्रतिमा, ती जिच्यावर उमटे त्या काचेच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचत नसे. कोपऱ्यांची ही किंमत मोजून त्यांनी भिंती सरळ राखल्या. आजच्या कॅमेऱ्यानेही तो समतल धरून थोडे मागे सरकले, तर बरेचसे काम साधते.

सरळ रेषांचा हा आग्रह केवळ देखणेपणासाठी नाही. 1858 मध्ये जर्मनीतील वेट्झलर येथील कॅथीड्रलचे मोजमाप घेताना वास्तुविशारद अल्ब्रेख्ट मायडेनबाउर उंचावरून पडता पडता वाचले आणि छायाचित्रांवरूनच वास्तूचे माप काढता येईल, या विचाराचा त्यांनी पुढे आयुष्यभर पाठपुरावा केला. याच कामासाठी 1885 मध्ये बर्लिनला सरकारी संस्था स्थापन झाली.

जुने छायाचित्र हाती असेल, तर ते घेऊन त्याच जागी उभे राहावे. ती नेमकी जागा शोधण्यासाठी चित्रातील जवळची एक कड आणि तिच्यामागची दूरची एक कड निवडावी, आणि दोन्ही चित्राप्रमाणेच जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरकत राहावे. मग पुढे-मागे होऊन दुसरी जोडी जुळवावी. त्या ठिकाणाहून नवे छायाचित्र घेऊन दोन्ही शेजारी ठेवली, की कोणता मजला नंतर चढला, कोणता सज्जा काढून टाकला आणि रस्ता किती वर उचलला गेला हे दिसू लागते. नगरपालिकेच्या जुन्या नकाशांत आणि अभिलेखागारातील कागदांत नेमके काय शोधायचे, तेही त्यानंतरच ठरवता येते.