ठळक छापलेला आकडा

(पडदाभर रिपोर्टचं पान. कॅमेरा ओळीओळीने खाली सरकतो.)

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, साखर, लोह, जीवनसत्त्वं. महिनोन्‌महिने न जाणाऱ्या थकव्याची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाच्या हाती जो रिपोर्ट पडतो, त्यात साठ-सत्तर ओळी सहज असतात. चार-पाच ठळक छापलेल्या. माणूस तेवढ्याच वाचतो. घाईत असलेला डॉक्टरही.

उजवीकडच्या रकान्यातली मर्यादा बहुतेक चाचण्यांमध्ये अशी ठरते: निरोगी माणसांचं रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडायचे आणि मधले ९५ टक्के 'नॉर्मल' धरायचे. शंभर धडधाकट माणसांतली पाच मर्यादेबाहेर जाणार, हे आखतानाच ठरलेलं असतं. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचाही निदान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता ६४ टक्के होते. (कोलेस्टेरॉल किंवा एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी साखर, यांची मर्यादा वेगळी. ती पुढच्या धोक्यावरून ठरवलेली असते.)

त्यामुळे कुठला आजार, हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या. हा आकडा तयार कसा झाला? आणि त्याच्या सोबतीला आणखी कुठले आकडे आहेत?

(दंडाचा क्लोज-अप. पट्टा आवळला जातो.)

पट्टा आवळल्यापासून एका मिनिटाच्या आत सुटायला हवा. जास्त वेळ राहिला तर नसेतलं पाणी बाहेर झिरपतं, आणि आत राहिलेली प्रथिनं, त्यांना चिकटलेलं कॅल्शियम, पेशी, सगळं दाट होतं. 'मूठ उघडा-मिटा, उघडा-मिटा' ही सूचना तर नकोच. स्नायू आकसताना पोटॅशियम बाहेर टाकतात आणि ते थेट नळीत येतं. मूठ एकदा सैलसर मिटली की पुरे.

(रंगीत झाकणांच्या नळ्या, एकामागून एक भरताना.)

नळ्या भरण्याचा क्रम ठरलेला आहे. निळं झाकण, मग लाल किंवा पिवळं, मग हिरवं, मग जांभळं, शेवटी करडं. जांभळ्या नळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं. ते कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पण जांभळ्या नळीतलं थोडं रक्त लाल नळीत ओतून ती 'पुरी' केली, की पोटॅशियम आभाळाला भिडतं, कॅल्शियम तळ गाठतं आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम घसरतं. पोटॅशियम ८, कॅल्शियम जवळजवळ नाही आणि माणूस समोर बसून गप्पा मारतोय, असं दिसलं तर आधी नळीची चौकशी करायची.

भरलेली जांभळी नळी आठ ते दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची. खडाखडा हलवली तर तांबड्या पेशी फुटतात. सुई फार बारीक असली किंवा सिरिंज जोरात ओढली तरी तेच होतं. फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम आणि एलडीएच, एएसटी ही एन्झाइम्स बाहेर येतात आणि सीरमला, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाला, गुलाबी झाक चढते. एरवी ते पिवळसर असतं. चांगली लॅब ही झाक रिपोर्टवर नोंदवते. तशी नोंद असेल तर हे तीन आकडे बाजूला ठेवून नमुना पुन्हा घ्यायचा.

(सेंट्रिफ्यूजचं झाकण बंद होतं. काटा फिरतो.)

सीरमच्या नळीला गोठायला अर्धा तास द्यायचा, मग सीरम वेगळं करायला सेंट्रिफ्यूजमध्ये साधारण १० मिनिटं फिरवायची. नळी तशीच पडून राहिली तर पेशी आतली साखर खात राहतात, तासाला पाच ते सात टक्के. दूरच्या केंद्रावर घेतलेला नमुना दुपारी लॅबमध्ये पोहोचतो आणि रिपोर्टात साखर ६० येते. थकलेल्या माणसाला मग 'तुमची साखर उतरते' असं सांगितलं जातं. करड्या नळीतलं फ्लोराइड ही घट थांबवतं, पण तेही पहिल्या तासा-दोन तासांनंतर. म्हणून करडी नळीसुद्धा लवकर फिरवलेली बरी.

(यंत्राच्या तोंडाशी नळ्यांची रांग. सुई झाकण भेदून आत जाते.)

सीबीसीचं यंत्र ज्या तत्त्वावर चालतं, त्याचं पेटंट अमेरिकेत १९५३ साली वॉलेस कूल्टर यांना मिळालं. पेशी विजेला अडवते. क्षाराच्या पाण्यात विरळ केलेलं रक्त एका सूक्ष्म छिद्रातून ओढायचं आणि त्या छिद्रातून वीज वाहती ठेवायची. पेशी छिद्रातून जाते तेव्हा प्रवाह क्षणभर अडतो. किती वेळा अडला, ती पेशींची संख्या. किती अडला, ते पेशीचं आकारमान. नंतरच्या यंत्रांत लेसर आला, रंगद्रव्यं आली, पण तांबड्या पेशी आणि प्लेटलेट मोजायला हे तत्त्व अजूनही सर्रास वापरात आहे.

यंत्राला आकार कळतो, ओळख पटत नाही. काही माणसांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटतात. त्या पुंजक्याला यंत्र प्लेटलेट मानत नाही, आणि दीड लाखाच्या वर असायला हवा तो आकडा ४० हजार छापला जातो. माणसाला काहीही झालेलं नसतं. अशा वेळी निळ्या, म्हणजे सायट्रेटच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजायचं आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या नळीतलं द्रावण रक्त पातळ करतं. दुसरी खूण एमसीएचसीची, म्हणजे तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन किती दाट आहे त्या आकड्याची. ती ३७च्या वर गेली तर बहुधा मोजणीतच काहीतरी बिघडलंय. थंडीने तांबड्या पेशी गठ्ठ्याने चिकटल्यात, नाहीतर सीरम चरबीने दुधाळ झालंय. नळी ३७ अंशांवर ऊब देऊन पुन्हा चालवायची. उबेने आकडा जागेवर आला तर थंडीत पेशी चिकटवणारी प्रतिपिंडं रक्तात आहेत, हाही शोधच. त्याचा पाठपुरावा करावा लागतो.

(काचपट्टीवर रक्ताचा थेंब. दुसरी काच पुढे सरकते.)

आता स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर. या सगळ्यात यंत्राशिवाय होणारं काम एवढं एकच, आणि कामाचा भार वाढला की लॅब पहिल्यांदा हेच टाळते. यंत्राचे आकडे पाहून 'नॉर्मोसायटिक, नॉर्मोक्रोमिक' (पेशींचा आकार आणि रंग नॉर्मल) असं नुसतं टाइप करून टाकण्याची सवय वाईट आहे.

थेंब लहान हवा, काचेच्या टोकापासून सेंटिमीटरभर आत. पसरवायची काच ३० ते ४५ अंशांत टेकवायची, थेंब तिच्या कडेने पसरू द्यायचा आणि एका दमात पुढे न्यायची. जिभेसारखा आकार उमटायला हवा, मागे जाड, पुढे विरळ. काच थांबली तर आडव्या रेघा पडतात. रक्त पातळ असेल तर कोन वाढवायचा.

(रंगाचे थेंब. घड्याळ. पाण्याची धार.)

सुकल्यावर लीशमनचा रंग. तो मिथेनॉलमध्येच बनवलेला असतो, त्यामुळे पेशी काचेला पक्क्या होतात. दोन मिनिटं तसाच ठेवायचा, मग दुप्पट बफर घालायचं, पीएच ६.८, आणि सात ते दहा मिनिटं थांबायचं. बफर आम्लाकडे झुकलं तर सगळं गुलाबी, अल्कलीकडे झुकलं तर सगळं निळं. मग पांढऱ्या पेशी ओळखूच येत नाहीत.

(सूक्ष्मदर्शकातलं दृश्य, स्थिर.)

पाहायची जागाही ठरलेली. विरळ टोकाच्या जरा मागे, जिथे तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम स्पर्श करतात. आणखी मागे त्या एकावर एक चढलेल्या असतात. अगदी टोकाला चपट्या होऊन मधला फिका भाग हरवतात, आणि नवशिक्याला तिथे भलताच आजार दिसतो.

तांबडी पेशी सात ते आठ मायक्रॉनची, मधला तिसरा हिस्सा फिका. फिका भाग पसरून नुसती कडा उरली, पेशी लहान झाल्या, काही पेन्सिलीसारख्या लांबट, तर लोह कमी. पेशी लहान, पण सगळ्या एकसारख्या, मध्ये ठिपका असलेल्या आणि मोजणीत संख्या भरपूर, तर थॅलसीमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असण्याची शक्यता. इथे एक सोपा भागाकार उपयोगी पडतो. एमसीव्हीला, म्हणजे तांबड्या पेशीच्या सरासरी आकारमानाला, दशलक्षातल्या तांबड्या पेशींच्या संख्येने भागायचं. उत्तर १३च्या खाली आलं तर कल थॅलसीमियाकडे, वर आलं तर लोहाकडे. हा नुसता कल. पक्कं करायला एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) मोजायचं. ते साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर वाहक. लोह फार कमी असेल तर एचबीए२ही खाली दाबलं जातं, म्हणून आधी लोह भरून काढायचं आणि मग मोजायचं. वाहकाला एरवी लोहाच्या गोळ्यांचा उपयोग नसतो.

मोठ्या, अंडाकृती पेशी आणि पाचाहून जास्त पाळ्यांचं केंद्रक असलेले न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दिसले, तर बी१२ किंवा फोलेट कमी. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर बी१२ घटू शकतं. अशा माणसाला नुसतं फोलेट दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

आणि ही पट्टी पाहा. निम्म्या पेशी लहान आणि फिक्या, निम्म्या मोठ्या. लोह आणि बी१२, दोन्ही कमी. यंत्राने सरासरी काढली, एमसीव्ही ८८, मर्यादेच्या अगदी मधोमध. वाढलेला आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारांतली तफावत, तेवढा खुणावत होता, आणि त्या ओळीकडे सहसा कुणी बघत नाही.

पांढऱ्या पेशींत अपरिपक्व ब्लास्ट (रक्ताच्या कर्करोगाची शंका आणणाऱ्या कोवळ्या पेशी) दिसले, तर रिपोर्ट छापून होण्याची वाट पाहायची नसते. त्याच दिवशी फोन.

(रिपोर्टची दुसरी पानं.)

हिमोग्लोबिन ठीक, तरी थकवा, अशा वेळी लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन आधी मागायचं. साठा संपतो तो हिमोग्लोबिन घसरण्याच्या बऱ्याच आधी. निरोगी प्रौढात १५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरखाली साठा संपलेला, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. शरीरात जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तर हीच रेषा ७०वर जाते, कारण दाहात फेरिटिन आपोआप फुगतं. म्हणून सोबत दाह दाखवणारी सीआरपी हवी. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी आढळलं, तर पोटात-आतड्यात कुठे रक्त जातंय का, हे दुर्बिणीने पाहायचं.

थायरॉइडबद्दल एकच. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन मोठ्या मात्रेत असतं आणि काही यंत्रांच्या पद्धतीत ते लुडबूड करतं. थायरॉइडला चालना देणारं टीएसएच खोटं कमी, थायरॉइडचं हार्मोन टी४ खोटं जास्त. रक्त देण्याआधी डॉक्टरांना विचारून ते निदान दोन-तीन दिवस थांबवावं, आणि घेत असल्याचं लॅबला सांगावं.

यकृताच्या चाचण्यांत एएसटी आणि एएलटी वाढलेले पण जीजीटी नॉर्मल असेल, तर यकृताच्या मागे लागण्याआधी स्नायूंचं एन्झाइम सीके तपासावं. जोराचा व्यायाम झाला असेल तर हे आकडे आठवडाभरही चढलेले राहतात. एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी, पॉझिटिव्ह आली तर टायटर (नमुना किती पातळ केल्यावरही ती पॉझिटिव्ह राहते ते) बघावा. १:८०ला निरोगी माणसांतही आठातल्या सुमारे एकाची ती पॉझिटिव्ह निघते.

(टेबलावर जुन्या रिपोर्टांची चवड. कागदावर रेघा आखल्या जातात.)

नवी तपासणी लिहून घेण्याआधी जुने रिपोर्ट एका कागदावर उतरवावेत. आडव्या रकान्यात तारखा, उभ्या रकान्यात हिमोग्लोबिन, एमसीव्ही, आरडीडब्ल्यू, प्लेटलेट, फेरिटिन, टीएसएच, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा), कॅल्शियम, ईएसआर (दाहाची खूण). प्रत्येक तारखेखाली लॅब कुठली, उपाशीपोटी होतात का, ताप होता का, कुठली औषधं चालू होती. १५ वरून १४ आणि १४ वरून १२.८ असं उतरत गेलेलं स्त्रीचं हिमोग्लोबिन प्रत्येक पानावर नॉर्मल छापलेलं असतं. उतरण या कागदावरच दिसते. लॅब बदलली असेल तर फेरिटिन आणि हार्मोनच्या आकड्यांची थेट तुलना करू नये, पद्धतीगणिक ते बदलतात.

(भिंतीला टेकून उभी व्यक्ती. मनगटावर बीपीचा पट्टा.)

आणि सगळं पुन्हा तपासूनही रक्त स्वच्छ निघालं तर? झोपेतला श्वास, नैराश्य, चालू औषधं, यांची चौकशी व्हायला हवी. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम, रक्ताच्या कुठल्याही चाचणीत पकडता येत नाही. २०१५ सालच्या अमेरिकी निकषांत सहा महिन्यांहून जास्त काळ काम करण्याची ताकद ठळकपणे घटलेली असणं, श्रमांनंतर प्रकृती ढासळणं आणि झोपूनही ताजंतवानं न वाटणं हे तिन्ही लागतं. शिवाय विचारांतला गोंधळ किंवा उभं राहणं न सोसणं, यांपैकी एक. श्रमांनंतरची ढासळ बऱ्याचदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी येते, म्हणून रोजच्या नोंदीत आजचं काम आणि परवाची अवस्था शेजारीशेजारी लिहावी. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१मध्ये या आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये असं सांगितलं. तरी 'जरा चालायला लागा' हा सल्ला अजून मिळतोच.

उभं राहणं सोसतं का, हे पाहायला यंत्र लागत नाही. पाच-दहा मिनिटं आडवं पडून नाडी आणि रक्तदाब मोजायचा. मग टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, पाठ भिंतीला टेकलेली, न बोलता, न हलता दहा मिनिटं उभं राहायचं आणि दर मिनिटाला नाडी-रक्तदाब लिहायचा. शेजारी कुणीतरी हवंच. डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच आडवं व्हायचं, दहा मिनिटांचा हट्ट नको. रक्तदाब न पडता नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, १२ ते १९ वर्षं वयात ४०ने, तर हा कागद रक्ताच्या रिपोर्टांच्या वर ठेवून डॉक्टरांकडे न्यायचा.