मासा शिल्लक असतानाच बोटी थांबवायच्या

जून लागला की कोल्हापूरच्या मासळी बाजारात सुरमई, पापलेट दिसेनाशी होतात, मावशीला विचारलं तर म्हणते, "बंदी हाय की दादा, रोहू घ्या न्हायतर कटला घ्या." १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, हे आपल्याला पाठ झालंय.

पण ही बंदी कॅलेंडर बघून होते, बाकीच्या दहा महिन्यात मासा किती काढला हे कोण विचारत नाही. काही देशांत काढलेल्या माशाचं एकूण वजन बघून मासेमारी बंद करतात.

अमेरिकेतल्या अलास्काचं बघा. तिथं शास्त्रज्ञ आधी पाण्यात कॉड किती, पोलॉक किती (हे तिकडचे थंड समुद्रातले मासे) याचा अंदाज काढतात, त्यावरनं वर्षाला किती टन काढायचा ते ठरतं, मग त्याचे वाटे पडतात, ट्रॉलवाल्यांना, म्हणजे बोटीमागं मोठं जाळं ओढणाऱ्यांना एवढा, गळवाल्यांना एवढा, पिंजरेवाल्यांना एवढा. मोठ्या बोटीवर निरीक्षक असतो, उतरलेल्या मालाची ऑनलाइन नोंद होते, आणि ऑफिसात एक माणूस तो वाढत जाणारा आकडा बघत बसलेला असतो. वाटा संपत आला की आदेश निघतो, अमुक तारखेला दुपारी १२ पासनं बंद.

आणि खरी गोम इथंच आहे, आकडा पूर्ण भरायची वाट बघतच नाहीत. कारण ज्या बोटी अजून समुद्रात आहेत त्यांच्या पोटातला माल मोजलेलाच नसतो, शिवाय दुसऱ्या माशासाठी टाकलेल्या जाळ्यात पण कॉड येतोच, त्याच्यासाठी थोडा वाटा आधीच बाजूला काढावा लागतो. आपल्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी पातळीला आलं की आपोआप उघडतात, इथं उलटं, पातळी गाठायच्या आधी माणसानं हिशोब करून दरवाजा लावायचा. दोन दिवस लवकर लावला तर मच्छीमाराच्या हातातोंडाशी आलेला घास जातो, उशीर झाला तर पुढच्या वर्षीचा मासा जातो. लय जबाबदारीचं काम आहे हे.

सगळ्यांना मिळून एकच कोटा असला की पळापळ होते ती वेगळीच. अलास्कात हॅलिबट या मोठ्या चपट्या माशाचा हंगाम आक्रसत आक्रसत वर्षात २४-२४ तासांच्या दोन-तीन खेपांवर आला होता, मग वादळ असो काही असो बोट काढायचीच, माणसं बुडाली त्यात. १९९५ ला ज्याचा त्याचा वाटा ठरवून दिला आणि तोच हंगाम आठ महिने चालायला लागला, पण हे वाटे विकता येत असल्यामुळं लहान गावांतनं ते निघून गेले, हे पण सांगितलंच पाहिजे.

आणि मूळ आकडाच चुकला तर? कॅनडात न्यूफाउंडलंडला कॉडचा कोटा होता की, पण तो ठरवलाच होता जास्त. २ जुलै १९९२ ला मासेमारी बंद करावी लागली, ३० हजारांच्या आसपास लोकांचं काम गेलं, आणि ती बंदी अधिकृतपणे उठवली ती २०२४ मध्ये, १८ हजार टनांचा कोटा देऊन.

आपण २०२३ ला पापलेटला राज्यमासा केला, चांगलं केलं. पण वर्षाला किती टन पापलेट काढला की थांबायचं, हा आकडा आपल्याकडं नाही, आणि उतरलेल्या प्रत्येक पाटीचं वजन रोजच्या रोज लिहिलं गेल्याशिवाय तो पाळता पण येणार नाही. आपण कोल्हापूरकर हा मासा आवडीनं खातो, तर ही मागणी आपण पण करायला पाहिजे. सुरुवात एका माशापासनं करा, पापलेटपासनं, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातच वजनकाटा लावा आणि आकडा रोज संध्याकाळी सगळ्यांना बघायला मिळू दे.