पंधरा-पंधरा मिनिटांचा कागद

(सिंधुदुर्गातील एका तालुक्याच्या गावी नर्सिंगच्या विद्यार्थिनी, आरोग्यसेविका आणि आशाताईंपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी भरायचा तक्ता तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. नाडी, रक्तदाब, गर्भाशय, रक्तस्राव. आठ ओळी. हा तक्ता हातात आला की मी आधी आकडे बघत नाही, शाई बघते. आठही ओळी एकाच पेनने, एका दमात लिहिलेल्या. नाडी ८०, बीपी ११०/७०, गर्भाशय कडक, रक्तस्राव नॉर्मल. खाली तेच, त्याच्याखाली पुन्हा तेच. नुकतीच बाळंत झालेल्या बाईची नाडी दोन तास ८० वर बसून राहते होय? हसताय, म्हणजे ओळखलंत.

मी रागवायला आलेली नाही. रात्रपाळीला एकच सिस्टर, दोन टेबलं भरलेली, दाराशी नातेवाईक आणि वर ऑनलाइन नोंदी, हे सगळं मला ठाऊक आहे. पण वेळ वाचवायचाच असेल तर दुसऱ्या कुठल्या तरी कागदावर वाचवा.

कारण बाळ रडलं की खोलीतल्या सगळ्यांचे डोळे तिकडे वळतात. मुलगा की मुलगी, वजन किती, नाक कुणाचं. आपणही वळतो, आणि बाळाचं पहिलं मिनिट महत्त्वाचं असतंच. पण दोन फुटांवर पडलेल्या आईच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका नेमका याच वेळी असतो. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते. देशाचा आकडा ९७ होता, म्हणजे आपण बरेच पुढे आहोत. पण बाई दगावण्याच्या कारणांत रक्तस्राव अजूनही पहिल्या रांगेत आहे, आणि तो बहुतेक वेळा गर्भाशय सैल पडल्यामुळे होतो. ते हाताला कळतं. त्याला सोनोग्राफी लागत नाही.

म्हणून हात कसा ठेवायचा ते सांगते. बाईला आधी लघवीला झालीय का विचारा. मूत्राशय भरलेलं असेल तर गर्भाशय वर आणि बहुधा उजवीकडे सरकतं, आकसतही नाही. मग तळहाताची करंगळीकडची कड बेंबीपाशी ठेवून खाली दाबा, दुसऱ्या हाताने ओटीपोटाच्या हाडाच्या वर आधार द्या. सोललेल्या नारळाइतकं टणक, गोल काहीतरी हाताखाली आलं पाहिजे. काहीच सापडत नसेल, तर ‘बाई जाड आहे’ असं म्हणू नका. सापडत नाही म्हणजे बहुधा ते सैल आहे. गोल गोल चोळा, हाताखाली घट्ट होईस्तोवर, आणि चोळतानाच मदतीला हाक मारा. हात तिथे असताना डोळे खाली, पॅडवर. पाच मिनिटांच्या आत पॅड चिंब झालं तर ते जास्तच आहे. कुशीवर वळवून पाठीखाली बघा. रक्त चादरीखाली मेणकापडावर साचतं आणि समोरून बाई कोरडी दिसते.

डोळ्याने अंदाज केला की आपण हटकून कमीच सांगतो. २०२३ साली ई-मोटिव्ह नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतल्या चार देशांतली ऐंशी रुग्णालयं त्यात होती. बाईच्या खाली खुणा केलेली पिशवी लावून रक्त मोजलं आणि निदान झाल्याबरोबर चोळणं, गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी हे सगळं एकापाठोपाठ न थांबता केलं. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी घटले. यातलं एकही औषध नवं नव्हतं. नवं होतं ते मोजणं, आणि एकेका उपायाचा गुण यायची वाट न बघणं.

जास्त रक्तस्राव म्हणजे ५०० मिलिलिटर, असं पुस्तकात लिहिलंय, ते पाठ करा. पण हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईला त्याच्या आतही झेपत नाही. आणि बीपीवर विसंबू नका. तरुण बाईचं बीपी बराच वेळ टिकून राहतं. आधी नाडी धावते. नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या जवळ जायला लागला की समजा वेळ थोडा आहे. ११०/७० बघून निर्धास्त झालात आणि नाडी १०८ आहे, तर ते ११०/७० खोटं आश्वासन आहे. बाई स्वतः फार सांगणार नाही. ‘माका वायच अंधारी इल्यासारी वाटता’ एवढंच म्हणेल, तेही बाजूला सासू नसेल तर.

आता आपल्या भागाचं. ऑक्सिटोसिनची दहा युनिट बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत मांडीत द्यायची, आत दुसरं बाळ नाही याची खात्री करून. ते औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. जूनमध्ये पहिल्या वादळात वीज गेली की आपल्याकडे कधी कधी दुसऱ्या दिवशी येते. फ्रीजमधला थर्मामीटर बघायचा, आईसपॅक तयार ठेवायचे. ट्रेमध्ये दिवसभर उघडी पडलेली कुपी पाण्यासारखीच समजा. गाडीचंही तसंच. दोडामार्गाकडची बाई ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यायची की गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात, हा वाद बाई रक्तात असताना घालू नका, तो आधीच मिटवून ठेवा. एकदा रक्तस्राव सुरू झाला की हातात साधारण दोन तास असतात, त्यातला मोठा वाटा आपल्या वळणांच्या रस्त्यालाच जातो. दोन जाड सुया लावलेल्या, लघवीची नळी घातलेली, पुढच्या रुग्णालयाला फोन झालेला, आणि गाडीत पोटावर हात ठेवून बसलेली एक सिस्टर. एवढं नसेल तर ते रेफर करणं नाही, नुसती रवानगी आहे.

दुसरी आपली खासियत म्हणजे मुंबईहून आलेली माहेरवाशीण. आठव्या महिन्यात गाडीत बसते, फाईल विरार-डोंबिवलीच्या कपाटात. माता-बाल संरक्षण कार्ड आणलंय का, हे पहिल्याच भेटीत विचारा. नसेल तर नवऱ्याकडून व्हॉट्सॲपवर प्रत्येक पानाचा फोटो मागवा. रक्तगट, आधीची बीपी, आधीचं सिझर. नाहीतर १४०/९० आढळल्यावर ते आजचं आहे की विसाव्या आठवड्याच्या आधीपासूनचं, हे कुणालाच सांगता येत नाही.

आणि ‘पित्त झालाहा’ या निदानापासून सावध. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली कळ, मळमळ. घरात कोकमाचं सरबत दिलं जातं. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत बाईला असं होत असेल तर आधी बीपी, मग सरबत. ही बीपी चढल्याची खूण असू शकते, आणि त्यातून येणारे झटके बाळंतपणानंतरही येतात, घरी गेल्यावरसुद्धा.

बाळाबद्दल आशाताईंना जास्त सांगायला नको. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तुमच्या सहा भेटी, तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्यापर्यंत. घरभेटींनी काय होतं हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९९ साली दाखवून दिलं, तिथे नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. फक्त तीन गोष्टी आवर्जून करा. हाताच्या पाठीने आधी बाळाचं पोट, मग तळपाय. पोट गरम आणि पाय गार, तर बाळ थंडीत ताकद घालवतंय, आईच्या उघड्या छातीवर ठेवा. पोटही गार असेल तर थांबू नका. श्वास पूर्ण मिनिट मोजा, घड्याळ लावून. ६० किंवा वर असेल तर पुन्हा मोजा, आणि तरीही तेवढाच आला तर पाठवा. आणि कावीळ बल्बखाली बघू नका. बाळंतिणीची खोली काळोखी, त्यात पाऊस. खिडकीपाशी न्या, त्वचा बोटाने दाबून सोडा. चोवीस तासांच्या आत पिवळेपणा दिसला, किंवा कधीही तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर ‘कोवळं ऊन दाखवा’ म्हणून सोडायचं नाही.

शेकशेगडीवरून आजीशी भांडू नका. आईच्या कंबरेला शेक मिळू दे. बंद खोलीत कोळसा आणि बाळाला धुरी तेवढी नको म्हणा, आणि नाळेला काही लावायचं नाही. आजीला एक काम द्या: आईची रक्ताची फडकी दिवसात किती बदलली ते मोजायचं. ती चुकत नाही. पाळणा लांबवायच्या साधनांवर दुपारी वेगळं सत्र आहे, पण तो प्रश्न बाईला एकटीला विचारायचा, हे आत्ताच सांगून ठेवते.

मागच्या टेबलावर पुतळा ठेवलाय. त्याचं गर्भाशय मी कधी सैल करीन, कधी कडक, सांगणार नाही. दोघी दोघी या. एकीने हात ठेवायचा, दुसरीने बघितल्यावरच लिहायचं.